दोन पाटे कमी

आमच्या घरात पाटा या शब्दाचे दोन अर्थ चालतात आणि दोन्ही जड आहेत. एक पाटा दगडाचा, वरवंट्याच्या जोडीचा, चटणी वाटायचा. दुसरा पोलादाचा, गाडीच्या मागच्या चाकांवर एकावर एक बांधलेला, वाकलेला, सगळा भार झेलणारा. आम्ही दगडाचे पाटे विकतो आणि ते पोलादाच्या पाट्यांवर लादून गावोगावच्या बाजाराला नेतो. "पाटे भरले आन पाटे दबले" असं वाक्य आमच्याकडं कुणालाही उलगडून सांगावं लागत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

कष्ट पाचवीला पुजलेत, असं लोक सहज म्हणून जातात. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून खरोखरच पूजा करतात, माझ्याही वेळी आईनं केली असणार. त्या रात्री सटवाई माझ्या कपाळावर लिहायला आली आणि समोरचा पाटा बघून तिला दुसरं काही सुचलंच नाही, असं मी आता म्हणते. डी.एड. झालेली बाई आहे मी. भरती निघेल म्हणून वाट बघता बघता लग्न झालं, मुलगी झाली, तिचंही लग्न होऊन ती सासरी गेली. फळ्यावर लिहायचे हात दगड पुसण्यात गेले. तक्रार म्हणून सांगत नाही, पण कधीतरी सांगावंसं वाटतं.

आमचं गाव नांदेड-लातूर रस्त्याच्या कडेला, अहमदपूरच्या अलीकडं. सासऱ्यांच्या हातात छिन्नी होती, ते दगड आणून घरीच घडवायचे. आता माल कर्नाटकातून मशीनवर कापून येतो. आमचे हे फक्त टाकी लावतात, म्हणजे वापरून गुळगुळीत झालेला पाटा ठोकून पुन्हा खरबरीत करून देतात. बोलायचं खातं माझ्याकडं. हे मुळात बोलतच नाहीत. गिऱ्हाईक आलं की यांची मान खाली आणि टकटक सुरू. मिक्सर घरोघर आल्यावर आमचा धंदा बसला होता. तो अलीकडं पुन्हा उठला, कारण कॉलनीतल्या बायकांना कुणीतरी मोबाईलवर सांगितलं की पाट्यावरच्या चटणीची चवच वेगळी. चव वेगळी असते हे खरं आहे. वाटणारीच्या खांद्याला ती जरा जास्त कळते.

माल वाढला तशी आमची पिकअप मागून बसायला लागली. गाडी भरून निघालो की तिचं नाक वर. अंधार पडल्यावर दिवे लावले तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी लिंबाच्या शेंड्यावर पडायचा आणि समोरचे ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांची आठवण काढत जायचे. शेवटी आम्ही नांदेडच्या मिस्त्रीकडं गेलो. हा मिस्त्री म्हणजे तोंडाचा पट्टा. गाडीखाली शिरला तरी त्याचं बोलणं बाहेर चालू असतं.

"वहिनी, कंपनीनं जे पाटे दिलेत ते कंपनीच्या कागदासाठी," तो खालूनच म्हणाला. "तुमच्या दगडासाठी न्हाईत. मागं जादाचे पाटे टाकू, जाडे. पुढं शॉकअप बी भारीतले टाकू. बाहेरचा माल हाय, पण एकदम असली. मग बघा, हत्ती बसवला तरी गाडी वाकायची न्हाई."

गाडी वाकली नाही, हे खरं. रिकामी असली की उलट मागून उंच दिसायची, शेपटी वर करून पळणाऱ्या वासरासारखी. यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच माल आणखी वाढला. खांदा रुंद झाला की माणूस ओझंही मोठंच घेतो, याला काय म्हणावं!

मग हदगावच्या रस्त्याला भर दुपारी मागचा टायर फुटला. गाडी एका अंगाला कलली, दोर तुटला आणि वरवंटे गडगडत कापसाच्या शेतात गेले. आम्हाला दोघांना काही झालं नाही. हे चाकापाशी बसून राहिले. मी पदर खोचून शेतात शिरले. बारशाला वरवंट्यालाच बाळ समजून पाळण्याच्या खालून-वरून देतात-घेतात. त्या दिवशी मी परक्याच्या कापसातून असली बाळं हुडकत होते, आणि ज्याचं शेत होतं तो बांधावर उभा राहून, "बाई, बोंडं तोडून राहिल्या का काय तुम्ही?" असं विचारत होता. मी त्याला एक वरवंटा वर करून दाखवला. तो दोन पावलं मागं सरकला.

मिस्त्रीला जाऊन विचारलं तर त्याच्याकडं उत्तर तयार. "नुसते पाटे भारी करून कसं चालंल? पाटे दबत न्हाईत म्हटल्यावर सगळा भार टायरवर आला. साधा टायर किती सोसंल? पाटे आन टायर, नवरा-बायको हायेत हे. एकाला भारी केलं की दुसऱ्याला करावंच लागतंय."

"यात बायको कोण?" मी विचारलं.

"जे खाली राहून रस्ता खातंय ते," तो म्हणाला आणि स्वतःच लई हसला.

चारही टायर बदलले. जाड कडेचे, ट्रकच्या जातीचे, बोटानं दाबले तर दगडच. त्यांना हवाही जास्त लागायची. आता गाडी खरंच पक्की झाली. मागून बसेना, कुठं कलेना, फुटेना. यांना एवढा आनंद झाला की बाजारात दुसऱ्या पिकअपवाल्याला हाताला धरून खाली वाकवून दाखवायचे. बोलायचे नाहीत, फक्त बोट दाखवायचे.

आणि माझ्या कंबरेचे हाल सुरू झाले. पाटे वाकत नाहीत, टायर दबत नाही, मग रस्त्यातला खड्डा जाणार कुठं? तो सरळ सीटमधून वर येतो. तरी भरलेली गाडी थोडी मऊ चालायची, दगडांच्या वजनानं पाटे जरा तरी हलायचे. रिकामी गाडी मात्र उड्या मारत यायची. म्हणजे धंदा चांगला झाला की परतीला माझी कंबर मोडायची, आणि माल तसाच पडून राहिला की मी सुखानं घरी पोचायची. असं चालू झाल्यावर माणसाचं मन कसं होतं बघा. गिऱ्हाईक समोर उभं असायचं, माझं तोंड पाट्याचे गुण सांगत असायचं आणि आतून वाटायचं, बाई, नको घेऊस, एक तरी दगड गाडीत राहू दे.

किल्लारीच्या बाजारात एक म्हातारी नेहमी माझ्याशी बोलत बसायची. भूकंपाच्या वेळी ती ऐन उमेदीतली होती. दगड घ्यायची नाही, नुसती येऊन टेकायची. एकदा मला उठताना कंबरेला हात लावताना बघून म्हणाली, "दगडाचा नाद लई वाईट, माय. वर असला तरी वाईट, खाली असला तरी वाईट." मी हसले. ती हसली नाही. तिनं माझ्या हातातला खलबत्ता काढून घेऊन स्वतः गाडीत ठेवला, आणि त्या वयात तिला तो उचलता आला याची मला लाज वाटली.

शेवटी डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या तेव्हा लातूरला दवाखान्यात गेलो. गाडीचा इलाज नांदेडला आणि माझा लातूरला, असं आमचं झालं. डॉक्टर तरुण होते. फोटो दिव्यापुढं धरून म्हणाले, "मणक्यांमधली गादी दबलीय."

"आमच्या गाडीचं बी असंच झालतं," हे पटकन बोलून गेले. एरवी महिन्याचे शब्द मोजून वापरणारा माणूस! मला त्यांना कोपर मारावंसं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, "प्रवास थांबवा. ते जमणारच नसेल तर निदान धक्के कमी बसतील असं बघा. आणि वजन तर अजिबात उचलायचं नाही." दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत हे वाक्य आम्ही दोघांनी वाटून घेतलं होतं. मी पहिला तुकडा घेतला, यांनी मधला. शेवटचा तसाच तिथं राहिला. पण हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच माहीत होतं, की प्रवास थांबवा असं एका शिकलेल्या माणसानं स्पष्ट सांगितलंय आणि हे ऐकून घरधनी गप्प आहेत.

खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. यांनी तोंडानं म्हणावं, "बस आता घरी, लई झालं", हे मला हवं होतं. आणि यांनी असं म्हटलं तर मला भयंकर राग येणार होता, हेही मला माहीत होतं. बाजारात मी कुणीतरी असते. बायका मला नावानिशी नाही, पण आवाजानं ओळखतात. घरी बसल्यावर मी कोण? टीव्हीपुढची एक कंबर. पण त्याच वेळी पहाटेचा गजर वाजला की मला रडू यायचं. इतकी वर्षं उठून, भाकरी बांधून, त्या सीटवर चढून बसायचं आणि दिवसभर घसा फोडायचा, याचा मला मनापासून कंटाळा आला होता. कंबर दुखते हे लोकांना सांगता येतं. कंटाळा आलाय हे कुणाला सांगणार?

दोन-चार दिवसांनी मी भाकरी थापत होते आणि हे अंगणात फोनवर होते. यांचा आवाज ऐकू आला, म्हणून मी तवा बाजूला केला.

"हाव, दोन पाटे काढून टाकायचे," हे म्हणत होते. "तिला न्हाई झेपत आता. ...न्हाई न्हाई, माल कमीच भरतो इथून पुढं. ...हाव, येतो परवा."

मला वाटलं, पलीकडं माल देणारा कारखानेवाला आहे. माझं डोकं भरभर चालायला लागलं. पाटे कमी घेणार, म्हणजे धंदा लहान करणार, म्हणजे एकटेच जाणार. मला न विचारता. मला ज्या वाक्याची वाट होती ते वाक्य हे माझ्याऐवजी एका दगडवाल्याला सांगत होते! तवा तापून लाल झाला, भाकरी करपली, ती तशीच यांच्या ताटात वाढली. यांनी करपलेली बाजू खाली करून मुकाट्यानं खाल्ली. "काय झालं?" असं विचारलं असतं तर मी सगळं ओकले असते. पण विचारायला तोंड उघडावं लागतं.

तिसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन एकटेच गेले. "नांदेडला जाऊन येतो," एवढंच. मी दारापर्यंत गेले नाही. भांडी घासली, आपटली, पुन्हा घासली. मग दुपारी सहज टेकले आणि मला झोप लागली. दिवसाढवळ्या, पंख्याखाली, पाय पसरून. उठले तेव्हा उन्हं उतरली होती. कुठं आहे हेच कळेना, आणि मग कळलं तसं इतकं सुख वाटलं की मी तशीच पडून राहिले. शेजारणीचा कुकर वाजत होता. मला कुठं जायचं नव्हतं. थोड्या वेळानं राग आठवला, तेव्हा तो पहिल्यासारखा राहिला नव्हता, पण मी प्रयत्न करून पुन्हा पेटवला.

गाडी परत आली ती आवाजावरूनच वेगळी वाटली. बाहेर येऊन बघते तर मागून खाली आलेली, शहाण्यासारखी. हे उतरले आणि माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "बस बघू."

"कशाला? आता तुम्ही एकटेच जाणार ना?"

"कोण म्हणलं?"

"तुम्हीच. दोन पाटे काढून टाकायचे म्हणून. ऐकलंय मी सगळं."

 हे गाडीच्या मागं जाऊन खाली वाकले आणि मला बोटानं खुणावलं. मी कंबर धरून वाकले. चाकावरचे दोन जाड पाटे नव्हते. त्यांच्या जागी मोकळी, गंजाच्या रेघा पडलेली जागा होती.

"हे काढले," हे म्हणाले. "टायरची हवा बी थोडी कमी केली. मिस्त्री लई चिडला. भारी टायर आन हलके पाटे, जोडी बिघडवून घेतली म्हणला. मी म्हणलं बिघडू दे. माल कमी भरू. तिला बसता आलं पायजे."

यांना एका दमात एवढं बोलताना मी लग्नानंतर बघितलं नव्हतं. मला हसू आलं, मग स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली एक गोष्ट सापडली जी मला अजिबात नको होती. ती म्हणजे निराशा. या माणसानं धंदा आखडला, मिस्त्रीशी भांडला, आणि ते सगळं मी त्या सीटवर पुन्हा बसावं म्हणून. आता मी नको कशी म्हणू? गाडी कडक होती तोवर मला निमित्त तरी होतं.

पुढच्या उदगीरच्या बाजाराला निघालो. माल थोडाच होता. पहाटेचा गार वारा, रस्त्यावर आम्हीच. गाडी खरोखर मऊ चालत होती. खड्डा आला की हे वेग कमी करायचे आणि तिरक्या डोळ्यानं माझ्याकडं बघायचे. प्रत्येक खड्ड्याला. एखाद्या परीक्षेला बसल्यासारखं मला झालं.

"लागतंय का?"

"न्हाई."

परत एक खड्डा. "आता?"

"न्हाई म्हटलं ना."

थोडं अंतर गेल्यावर पुन्हा यांची मान वळली, आणि मला राहवलं नाही. "अहो, गाडीचं न्हाई हो काही," मी म्हणाले. "गाडी चांगली झालीय. मीच दमलेय. कंबर बरी झाली तरी मी दमलेलीच राहणार. मला बोलायचा कंटाळा आलाय. त्याच त्याच बायका, तोच भाव, तेच दगड. मला न्हाई ओरडवत आता."

बोलून झालं आणि मला भीती वाटली. हे समोर बघत होते. यांनी गिअर बदलला. आता हे दुखावले, आता घरी जाईपर्यंत शब्द निघणार नाही, असं धरून मी खिडकीबाहेर बघत बसले. सोयाबीन काढून झालेली रिकामी रानं मागं जात होती.

उदगीरला पोचलो. नेहमीच्या जागेला गाडी लावली. मी सवयीनं दाराला हात घातला.

"तू बस," हे म्हणाले. "मी बघतो."

"तुम्ही? बोलायचं कोण?"

"बस म्हणलं ना."

यांनी एकट्यानं माल उतरवला, गोणपाट अंथरलं, पाटे ओळीनं मांडले. मी असते तर मोठे मागं आणि छोटे पुढं मांडले असते. हे उलटं मांडत होते. मग छिन्नी न घेता तसेच उभे राहिले.  बाजार भरत होता. मग यांनी घसा खाकरला आणि, "पाटे... पाटे हायेत," असं म्हणाले. ओरडले नाहीत, म्हणाले. कुणी तरी विचारल्यावर उत्तर द्यावं तसं. शेजारचा लसूणवाला चकित होऊन यांच्याकडं बघायला लागला. मग पुन्हा, थोडं मोठ्यानं, "वरवंटे बी हायेत." कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला काचेतून दिसत होत्या.

एक बाई थांबली. तिनं सगळ्यात मोठा पाटा बोटानं वाजवला आणि भाव विचारला. यांनी सांगितला. तिनं तो निम्म्यावर आणला. इथंच मी तिला धरते. कर्नाटकी दगड, वाटताना कच येत नाही, तुमच्या सुनेच्या सुनेला पुरेल, असं माझं सगळं पाठ आहे. जिभेच्या टोकावर आलं होतं. हे "चांगला हाय पाटा," एवढंच म्हणाले, आणि ती मान हलवायला लागली तसे यांनी वळून केबिनकडं बघितलं. सरळ माझ्याकडं.

माझा हात दाराच्या कडीवर होता. तीन ढांगांत मी तिथं पोचले असते आणि तो पाटा चांगल्या भावानं गेला असता. मी हात काढून मांडीवर ठेवला, मान दुसऱ्या बाजूला फिरवली, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. पाटा काय भावानं गेला ते मी अजून विचारलेलं नाही.